मागची खोली

आईचं वर्षश्राद्ध झालं आणि २०२३च्या फेब्रुवारीत आम्ही तिघा भावंडांनी कोथरूडचा फ्लॅट विकायचं ठरवलं. ठरवायला अर्धा तास लागला, विकायला सतरा महिने.

पौड रस्त्यावरून आत वळलं की आनंदनगर मेट्रो स्थानकापासून चालत आठ मिनिटांवर आमची इमारत. तळमजला आणि वर तीन मजले, आम्ही तिसऱ्यावर. डोक्यावर गच्ची. लिफ्ट नाही. जिन्याला सत्तावन्न पायऱ्या आहेत. हा आकडा मला लहानपणी माहीत नव्हता, कारण तेव्हा आम्ही पळतच वर जायचो. आई शेवटच्या चार वर्षांत पायऱ्या मोजत चढायची आणि दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला टेकून म्हणायची, ‘अडतीस झाल्या.’ तेव्हापासून तो हिशोब माझ्या पायांत बसला आहे.

बाबा टेलिफोन खात्यात होते. १९८७ साली त्यांनी हा फ्लॅट एक लाख अठ्ठेचाळीस हजारांना घेतला. त्याआधी आम्ही नारायण पेठेतल्या एका वाड्यात दोन खोल्यांत राहत होतो, चार बिऱ्हाडांत मिळून एक संडास. नातेवाईक म्हणाले, ‘एवढ्या लांब कशाला जाताय? तिकडे रिक्षावालेसुद्धा यायला तयार नसतात.’ बाबा काही बोलले नाहीत. राहायला गेल्यावर पहिल्या रविवारी त्यांनी स्वतः स्टुलावर चढून दाराशी बेल बसवली. चिमणीच्या चिवचिवाटासारखी वाजणारी, तेव्हा घरोघरी दिसायची तसली. आपल्या दारावर आपली बेल, हे त्यांना फार मोठं वाटत होतं.

अशा घराची किंमत किती लावायची? आम्ही लावली पंच्याहत्तर लाख. पलीकडच्या गल्लीत लिफ्ट आणि पार्किंग असलेल्या नव्या इमारतीत जो भाव ऐकला होता, त्यावरून भावाने आकडा काढला आणि आम्ही बहिणींनी माना डोलावल्या. आज मागे वळून पाहताना मला कळतं, की त्या आकड्यात बाजारभाव थोडा होता आणि बाबांनी भर उन्हात सायकलवरून मारलेल्या खेपा जास्त होत्या. कोणी साठ म्हटलं की आम्हाला वाटायचं, हा आपल्या बाबांना कमी लेखतो आहे. घर विकताना घरच्या माणसांची पहिली अडचण हीच असते असं माझं मत झालं आहे. समोरचा चौरस फुटांचे पैसे द्यायला आलेला असतो आणि आपण त्याच्याकडे आठवणींचे मागत असतो.

चौरस फुटांचंही सांगते. करारनाम्यात ५८० लिहिले होते, आम्ही जाहिरातीत तेच दिलं. एक तरुण जोडपं आलं, त्यातल्या मुलीने पर्समधून टेप काढला. ‘काकू, हे टोक जरा धरता?’ मी धरलं. हॉल, स्वयंपाकघर, दोन्ही खोल्या, मोरी, सगळं तिने मोजलं आणि मोबाइलवर बेरीज केली. आतलं क्षेत्र भरलं ४६८. पाचशेऐंशी म्हणजे भिंतींसकट, बिल्ट-अप. मला ते खरोखरच माहीत नव्हतं, छत्तीस वर्षं आम्ही ‘पाचशेऐंशी’च म्हणत आलो होतो. ती दोघं सभ्य होती, चहा घेऊन गेली, पुन्हा आली नाहीत. त्या संध्याकाळी मी जाहिरातीतला आकडा बदलून कारपेट ४६८ असा लिहिला. भाऊ चिडला. मी म्हटलं, टेपने मोजल्यावर जे निघणारच आहे, ते आधी सांगितलेलं बरं.

मी एक वही केली होती. कोण आलं, काय विचारलं, काय म्हणून गेलं. वर्षभरात तिच्यात एकतीस कुटुंबं झाली. बहुतेकांचा पहिला प्रश्न लिफ्टचा, दुसरा पार्किंगचा. काही जण दारातच मोबाइलवर दिशा बघायचे आणि तिथूनच परत जायचे. एका आजोबांनी पहिल्या मजल्यावरून हाक मारली, ‘ताई, तुम्हीच खाली या, इथेच बोलू.’ आम्ही जिन्यात उभं राहून बोललो. त्यांना घर पाहायचंच होतं, पण गुडघे देत नव्हते. त्यांच्याशी बोलताना मला आईची अडतिसावी पायरी आठवत राहिली.

आणखी एक प्रकारचे लोक यायचे, त्यांना घर पाहण्यात रस नसायचा. ‘सोसायटी रीडेव्हलपमेंटला जाणार का?’ एवढंच. हॉलच्या पुढे पाऊल टाकत नसत. असे एक गृहस्थ बऱ्याच वेळा फोन करत होते, पण जमिनीचं कन्व्हेयन्स अजून सोसायटीच्या नावावर झालेलं नाही, मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करायचा आहे, हे कळल्यावर त्यांचे फोन थांबले. त्यांचं काही चुकत नव्हतं. इमारत जुनी झाली की ती पडून नवी होणार, हे कोथरूडच्या गल्ल्यागल्ल्यांत दिसतंच आहे. तरी ते गेल्यावर मला बरं वाटलं. ते घर पाडलं जाईल म्हणून विकत घेणाऱ्याच्या हातात किल्ली देणं मला जमलं नसतं.

ज्यांना घर आवडायचं, ते कागदांवर अडायचे. शेअर सर्टिफिकेटवर बाबांनंतर आईचं नाव नॉमिनी म्हणून चढलेलं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांसाठी सांभाळणारा, हे आम्हाला वकिलांनी पहिल्यांदा नीट समजावलं. मग तिघांचे वारसहक्क, धाकटी टोरांटोला, तिचं कुलमुखत्यारपत्र. त्याहून मोठा घोळ करारनाम्याचा होता. फ्लॅटच्या करारावर पूर्ण मुद्रांक शुल्क १० डिसेंबर १९८५पासून लागू झालं होतं, पण आमचा १९८७चा करार किरकोळ रकमेच्या स्टँपपेपरवर केलेला. त्या काळी असं सर्रास व्हायचं. बाबांनी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवाच्या फोटोमागे जपला होता. त्यात काही उणं आहे अशी शंका त्यांना आयुष्यात आली नसेल. बँकेच्या वकिलाने मात्र दुसऱ्याच पानावर बोट ठेवलं आणि एक चांगलं गिऱ्हाईक, ज्याने टोकन द्यायची तयारी दाखवली होती, हातचं गेलं.

त्या डिसेंबरात, २०२३ च्या, राज्य सरकारने मुद्रांक शुल्काची अभय योजना आणली. १९८० ते २०२० या काळातल्या कमी शुल्काच्या दस्तांना तिच्यात सवलत होती, जुन्या आणि लहान रकमांना मोठी. मी मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयात चार खेपा घातल्या. शेवटच्या खेपेला हातात प्रमाणित कागद पडला तेव्हा मला वाटलं, बाबांचं एक राहिलेलं काम झालं. पुढची नोंदणीची वाट वकिलांनी काढून दिली. ज्यांच्या घरात असा एखादा जुना करार कपाटात पडला आहे, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: भिंतींना रंग काढण्याआधी ती फाइल उघडा. आम्ही उलट केलं होतं.

रंगाचीही एक गोष्ट आहे, आणि ती सांगताना मला वाईट वाटतं. हॉलच्या कोपऱ्यात छताला ओल होती. एजंट म्हणाला, ‘मावशी, एक हात मारून घ्या, पावसाळ्याच्या आत विकून टाकू.’ आम्ही मे महिन्यात पांढरा हात मारला. जुलैत एक कुटुंब आलं, सोबत सात-आठ वर्षांचा मुलगा. तो वर बघून म्हणाला, ‘आई, ढग.’ रंगाखालून पिवळट डाग बशीएवढा फुलून आला होता. त्या बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, बोलल्या काहीच नाहीत. ते पाहणं मला अजून आठवतं. आयुष्यभर शाळेत मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं आणि आईबाबांच्या घरात मी एक डाग लपवला होता.

दुसऱ्या दिवशी मी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले. गच्चीतून गळतं त्याची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने व्हायची असते, उपविधींत ते लिहिलेलं आहे. तीस वर्षांपुढच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी करायचं, हेही त्यातच आहे, आणि आमच्याकडे ते एकदाही झालं नव्हतं. दोन्ही मागे लागून करून घेतलं. दिवाळीनंतर गच्चीवर जुना थर उखडून ब्रिकबॅट कोबा घातला, वर पांढरे चायना चिप्स बसवले. ऑडिटचा अहवाल आला, किरकोळ दुरुस्त्या सांगून इमारत सुस्थितीत असल्याचं त्यात म्हटलं होतं. त्या अहवालाची एक प्रत मी फाइलमध्ये सगळ्यात वर लावली. येणाऱ्याला चहाआधी फाइल दाखवायची असा नेम केला. गळत होतं, कधी गळत होतं, काय केलं, सगळं आधी सांगायचं. किंमत बासष्टवर आणली. टोरांटोहून धाकटीने फोनवर विचारलं, ‘तायडे, बाबांना चाललं असतं का गं?’ मी म्हटलं, त्यांनी स्वतः कधी कुणाकडून रुपया जास्त घेतला नाही.

एवढं सगळं करूनही एका खोलीवर आमचा इलाज चालत नव्हता. मागची खोली. आम्ही राहायला आलो तेव्हा तिच्या खिडकीतून चिंचेचं झाड आणि त्याच्यामागे टेकडी दिसायची. पुढे तिथे पाच मजली इमारत उभी राहिली आणि खिडकीसमोर दहा फुटांवर भिंत आली. दुपारी बारालाही त्या खोलीत दिवा लावावा लागतो. लोक यायच्या आधी मी दोन्ही ट्यूब लावून ठेवायची, पडदे काढून टाकले होते, पांढरी चादर घातली होती. तरी माणसं दारातून डोकवायची आणि म्हणायची, ‘अंधार आहे हो.’ मी म्हणायची, ‘हो, जरा आहे.’ वहीत हे वाक्य सतरा वेळा लिहिलेलं आहे.

मे २०२४ मधल्या एका सकाळी, अकराच्या सुमारास, एक बाई एकट्याच आल्या. पस्तिशीच्या. सत्तावन्न पायऱ्या चढून आल्या तरी दम लागलेला नव्हता. मी फाइल पुढे केली, त्यांनी ती शांतपणे पाहिली. लिफ्टचं विचारलं नाही. पार्किंगचं म्हणाल्या, ‘माझी स्कूटी आहे, ती राहील.’ स्वयंपाकघर पाहिलं, नळ सोडून पाणी पाहिलं. मग मागच्या खोलीकडे वळल्या. मी सवयीने पुढे होऊन ट्यूबच्या बटणाला हात घातला, तर म्हणाल्या, ‘राहू द्या. दार लावून बघू का?’

त्या आत गेल्या आणि दार लोटलं. मी बाहेर उभी. एक मिनिट झालं, दोन झाली. आतून काहीच आवाज येईना. मला कळेना, हाक मारावी की नको. मग दार उघडलं.

‘मी नर्स आहे,’ त्या म्हणाल्या. ‘महिन्यातले पंधरा दिवस नाइट असते. आता राहते तिथे सकाळी ऊन थेट तोंडावर येतं, आणि वरच्या मजल्यावर दिवसभर मुलं खेळतात. मुलांना काय बोलणार? आठ वर्षांत सलग पाच तास झोपलेले दिवस मी मोजून सांगू शकेन.’ त्यांनी पुन्हा एकदा आत वळून पाहिलं. ‘इथे वर गच्चीच आहे ना? कुणी राहत नाही?’

कुणी राहत नाही, मी म्हटलं. आणि मग जे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. समोरच्या भिंतीमुळे उन्हाळ्यातही ती खोली बाकी घराइतकी तापत नाही. आई शेवटच्या उन्हाळ्यांत दुपारची तिथेच निजायची. सतरा जणांपुढे मी त्या खोलीची माफी मागितली होती, आणि माझी स्वतःची आई तिथे किती शांत झोपायची हे मला एकदाही आठवलं नव्हतं.

त्या दोनदा आल्या, दुसऱ्यांदा वडिलांना घेऊन. एकसष्टवर ठरलं. बँकेने इमारतीचं वय, ऑडिट, करार सगळं तपासून कर्ज मंजूर केलं. घर त्यांच्या एकटीच्या नावावर होणार होतं. महिलेच्या नावावर खरेदी असेल तर राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, म्हणजे त्यांचे एकसष्ट हजार वाचले. हे कळल्यावर त्यांचे वडील म्हणाले, ‘तेवढ्यात तिचा पलंग होईल.’

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात नोंदणी झाली. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात अंगठे आणि फोटो देऊन आम्ही किल्ल्या द्यायला घरी आलो. भाऊ नाशिकहून आला होता. पाऊस लागला होता, हॉलच्या कोपऱ्यातलं छत कोरडं होतं. मी वर बघते आहे हे त्यांनी पाहिलं आणि त्याही वर बघून हसल्या. मग जरा अवघडून म्हणाल्या, ‘एक विचारू? ती बेल... काढली तर चालेल का? दिवसा कुणी वाजवली तर...’

भावाने माझ्याकडे पाहिलं. मी स्टूल आणलं, शेजारच्यांकडून स्क्रूड्रायव्हर मागितला. तो वर चढला. सदतीस वर्षांचे स्क्रू गंजले होते, एक तर फिरेचना, त्याला थेंबभर तेल घालावं लागलं. बेल निघाली तशी त्याने ती माझ्या हातात दिली, दोन वायरी वेगवेगळ्या काळ्या टेपने गुंडाळल्या आणि तो खाली उतरायच्या ऐवजी तसाच उभा राहिला. बेलच्या मागे तळहाताएवढा चौकोन होता. चार वेळा घराला रंग काढला, पण बेल कुणी काढली नव्हती, त्यामुळे तेवढी भिंत पहिल्याच रंगाची राहिली होती. पिस्ता. आईने निवडलेला.