गिरणगांवचें धुरांडें

मुंबईस आमचें जाणें फार क्वचित. गेल्या माघांत भाच्याच्या मुलाच्या मुंजीनिमित्त परळास चार दिवस राहण्याचा योग आला, तेव्हां एके सकाळीं चिंचपोकळीहून लोअर परळपर्यंत आम्ही पायींच गेलों. फिनिक्स गिरणीच्या जागीं आतां मॉल आहे. जुनें धुरांडें तेवढें शोभेसाठीं राखलें आहे.

आमच्या तरुणपणीं ह्याच भागांत मावशीचें बिऱ्हाड होतें. दोरीवरच्या धोतरांवर काजळीचे ठिपके पडत व मावशी गिरण्यांच्या नांवानें बोटें मोडी. पण पहाटे भोंगा वाजला कीं सारी चाळ जागी होई. १८५४ सालीं कावसजी दावर ह्यांनीं पहिल्या गिरणीची कंपनी स्थापिली, तेव्हांपासून येथील धूर व अन्न एकाच चुलीवरचें.

१८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख कामगार संपावर गेले. पुढल्या वर्षीं आम्ही मावशीकडे उतरलों, तों धोतरें पांढरीं शुभ्र! आम्हीं भोळेपणानें शेजारच्या सांचेवाल्यास म्हटलें, "हवा किती निर्मळ झाली हो!"

"मास्तर, धूर होता तोंवर पगार होता," तो म्हणाला. त्याची बायको आठ गाळ्यांना जेवूं घाली. गाळे गांवीं गेले, खाणावळही बसली. आम्हांस पुढें बोलवेना.

धूर म्हणजे कांहीं अमृत नव्हे. कापसाच्या तंतूंनीं कित्येकांचीं फुप्फुसें गिरणीच्या आंतच निकामी झालीं. परंतु धंदा बसला, इंधन जळेनासें झालें, म्हणून निवळलेल्या हवेस सुधारणा म्हणणें आम्हांस पटत नाहीं. २०२० च्या टाळेबंदींत शहरांचें आकाश निळें झालें, आणि त्याच दिवसांत मजूर लेंकरें खांद्यावर घेऊन पायीं गांवाकडे निघाले होते. आकाशाचीं छायाचित्रें मात्र घरोघर कौतुकानें पाहिलीं गेलीं, आमच्याही घरीं.

बरें, ती निर्मळ हवा तरी टिकली काय? गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उठले. त्यांची धूळ व मोटारींचा धूर मिळून हिवाळ्यांत समोरचें दिसेनासें होतें. ऑक्टोबर २०२३ मध्यें महापालिकेस बांधकामांभोवतीं उंच पत्रे लावण्याची व पाणी शिंपण्याची आज्ञा काढावी लागली.

त्या सांचेवाल्याचा मुलगा अशाच एका मनोऱ्याच्या दारावर पहारेकरी आहे. नोकरी कंत्राटाची; वडिलांसारखी कायमची नव्हे. नाकावरचा रुमाल खालीं ओढून त्यानें आम्हांस ओळख दिली, घरची विचारपूस केली आणि म्हणाला, "काका, पलीकडच्या अंगानें जा. इथें धूळ फार आहे."