हात कुणी लावला होता?

रस्त्यात मोटार बंद पडली की पाच मिनिटांत तिच्याभोवती जी माणसे जमतात, त्यांतली निम्मी डॉक्टर असतात आणि निम्मी ज्योतिषी. डॉक्टर मंडळी बॉनेट उघडायला लावतात. ज्योतिषी मंडळी बॉनेट न उघडताच सांगतात, "आता ही काही आज चालत नाही!" आणि खेदाची गोष्ट अशी, की बहुधा ज्योतिष्यांचेच खरे होते.

आमची मोटार म्हणजे १९८७ सालची प्रीमियर पद्मिनी. वडिलांनी घेतलेली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या मोटारी तयार होऊ लागल्या, त्या घराण्यातली ही धाकटी लेक. मुंबईच्या रस्त्यांवर हिच्या बहिणी काळीपिवळी नेसून वर्षानुवर्षे धावल्या. ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्याही बंद झाल्या. त्या दिवशी वर्तमानपत्र वाचून आमचे चिरंजीव म्हणाले, "बाबा, आता तरी!" मी वर्तमानपत्राची घडी घातली. पंधरा वर्षे उलटलेल्या मोटारीची दर पाच वर्षांनी नव्याने नोंदणी करावी लागते, ती मी इमानाने करीत आलो आहे. अहो, वडिलांच्या वस्तूला मोडीत घाला म्हणायला जीभ उचलत नाही.

तर त्या भाऊबीजेला आम्ही छत्रपती संभाजीनगरहून अंबाजोगाईला निघालो होतो. आमची अक्का तिथे असते. वय अठ्ठ्याहत्तर. ओवाळल्याशिवाय जेवत नाही, आणि तिचा भाऊ मी एकटाच. बीडला मिठाई घेतली, गाव सोडले, मांजरसुंब्याच्या वाटेला लागलो आणि पालीपाशी आलो. बिंदुसरेचे धरण आहे ना, तीच पाली. हीच बिंदुसरा पुढे बीड शहरातून वाहते आणि सिंदफणेला मिळते. पावसाळा चांगला झाला होता. चिरंजीव म्हणाले, "पाणी बघून येऊ." म्हणून हमरस्ता सोडून आत वळलो. गावातल्या गतिरोधकावरून गाडीने एक उडी मारली आणि विझवलेल्या दिव्यासारखी ती गप्प झाली. ना फुरफुरणे, ना आचके. गप्प!

ही खूण मोठी महत्त्वाची होती, हे आता कळते. पेट्रोल संपत आले की गाडी आचके देते, रडते, थोडी जाते. वीज तुटली की ती एका क्षणात मरते. पण तेव्हा विचार करायला सवड कुणाला? डॉक्टर मंडळी जमली होती. कुणी पेट्रोलला दोष दिला, कुणी पंपाला. एका आजोबांनी गाडीच्या वयाला दिला.

समोरच मोटारी भरण्याचे एक दुकान होते. मोटारी म्हणजे विहिरीवरच्या पाण्याच्या. जळालेल्या मोटारींच्या तारा काढायच्या आणि नव्या गुंडाळायच्या, हा धंदा. दुकानाला लागूनच घर. तिथून एक तिशीतला गृहस्थ हात पुसत आला. त्याने कुणाचे काही ऐकले नाही. एका प्लगची वायर काढली, माझ्या डिकीतला जुना प्लग तिला लावला, इंजिनाच्या लोखंडावर टेकवला आणि चिरंजीवांना म्हणाला, "मारा सेल्फ." सेल्फ फिरला. प्लगच्या तोंडाशी ठिणगी नाही. मग त्याने कॉइलमधून निघणारी मधली जाड वायर काढून तशीच लोखंडाजवळ धरली. तिथेही अंधार.

"म्हंजी प्लग, रोटर, टोपी यांचा काई संबंध न्हाई," तो म्हणाला. "उगमालाच पाणी न्हाई." आणि मग सरळ माझ्याकडे बघून त्याने विचारले, "काका, एवढ्यात गाडीला हात कुणी लावला व्हता?"

वाचकहो, इथे मला थोडे मागे जायला हवे.

आमच्या गाडीचे सगळे गेली तीस वर्षे एक उस्ताद बघतात. पण त्यांच्या डोळ्यांना आता मोतीबिंदू. दिवाळीपूर्वी पॉइंट बदलायला गेलो तर म्हणाले, "ऑपरेशन होऊ द्या, मग या." मी परत आलो. घरी सौभाग्यवतीने विचारले, "झाले का काम?" आणि माझ्या तोंडून 'हो' गेले. नव्या पॉइंटची डबी खिशात होती. तीस वर्षे उस्तादांच्या शेजारी स्टुलावर बसून मी ते काम पाहिले होते. पाहणे आणि येणे यांतला फरक मला कळत नाही असे नाही, पण तो दुसऱ्यांच्या बाबतीत. आदल्या रात्री सगळे निजल्यावर मी टॉर्च दातांत धरून स्वतः पॉइंट बसवले. गाडी सुरू झाली. तेव्हा जो आनंद झाला, तो नोकरीत बढती मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

आता पालीत, सौभाग्यवती मागच्या खिडकीतून ऐकत असताना, मी काय उत्तर देणार?

"आमच्या उस्तादांनी पॉइंट बदलले," मी म्हणालो. "तीस वर्षांचा हात आहे. चूक व्हायची नाही."

"मग डेल्को उघडायला नको," तो म्हणाला.

डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्यूटर. आपल्याकडचे सगळे मिस्त्री त्याला डेल्कोच म्हणतात. अमेरिकेतल्या डेटन गावी १९०९ साली केटरिंग नावाच्या इंजिनिअराने भागीदाराबरोबर एक कंपनी काढली, तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचा हा शब्द. बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांच्यावर चालणारी जी पद्धत त्याने कॅडिलॅक मोटारीसाठी बसवली, तीच थोड्याफार फरकाने माझ्या पद्मिनीत आहे. करामत अशी, की बॅटरी देते बारा व्होल्ट, आणि दाबल्या गेलेल्या वाफेतून ठिणगी उडायला लागतात पंधरा-वीस हजार. कॉइलमध्ये जाड तारेचे थोडे वेढे आणि केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे एकाच लोखंडावर असतात. पॉइंट मिटले की जाड तारेतून वीज वाहते आणि लोखंडात चुंबकत्व भरते. पॉइंट उघडले की वीज तुटते, चुंबकत्व कोसळते आणि त्या धक्क्याने बारीक तारेत हजारो व्होल्ट उसळतात. म्हणजे ठिणगी वीज वाहण्याने पडत नाही, ती वाहता वाहता तुटण्याने पडते. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर हे उघडणे सेकंदाला शंभर वेळा होते. उघडण्याची फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी.

हे सगळे मला पाठ होते. तरी मी कॉइलला हात लावला आणि ओरडलो, "ही बघा! भाजते आहे! कॉइल जळाली!"

तो गृहस्थ शांतपणे म्हणाला, "तापली म्हंजी तुटली न्हाई काका. तुटली असती तर थंड ऱ्हायली असती. तिच्यातून सारखा करंट चाललाय."

किती साधे बोलणे! जन्मभर तारा गुंडाळणाऱ्याचे. पण मला ते ऐकायचे नव्हते. कॉइल जळाली असली की दोष कॉइलचा, आणि कॉइल बोलत नसते. मी चिरंजीवांना एकाच्या मोटारसायकलवर बसवून बीडला पिटाळले. भाऊबीजेचा दिवस, निम्मी दुकाने बंद. दीड तासाने ते नवी कॉइल घेऊन आले. आम्ही ती बसवली. सेल्फ मारला. अंधार जसाच्या तसा.

या दीड तासात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती, आणि ध्यानात आली नाही असे मी स्वतःला भासवत होतो. घराच्या दारात एक बाई दोनदा येऊन उभी राहिली. हातात ताट, ताटात निरांजन. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "दादा, ट्रॅक्टर येईल बरं का." तो म्हणाला, "आलो, आलो." सौभाग्यवतीने गाडीतून उतरून तिच्याशी बोलणे काढले तेव्हा कळले, की ती त्याची बहीण. तिचा संसार टोळीबरोबर ऊसतोडीला निघाला होता. या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमाराला बैलगाड्या, ट्रक, ट्रॅक्टर भरभरून माणसे पश्चिमेकडच्या कारखान्यांवर जातात. चूल, भांडी, कोंबड्या, पोरे सगळे बरोबर. ती परततात उन्हाळ्याच्या तोंडाशी. संध्याकाळी ट्रॅक्टर येणार, आणि त्याआधी तिला भावाला ओवाळायचे होते.

आणि भाऊ माझ्या बॉनेटमध्ये डोके घालून बसला होता.

आता त्याने माझे मत विचारले नाही. दुकानातून मोटारसायकलचा एक बारा व्होल्टचा बल्ब आणला, त्याला दोन वायरी होत्या. एक वायर इंजिनाच्या लोखंडाला अडकवली. दुसरी कॉइलच्या ज्या टोकाला चावीकडून वीज येते तिथे लावली. बल्ब लागला. म्हणजे बॅटरी, चावी, वायरिंग ठीक. मग दुसऱ्या टोकाला लावली, जिथून तार डेल्कोकडे जाते. बल्ब नाही. त्याने चिरंजीवांना सेल्फ मारायला सांगितले. पॉइंट उघडतील तेव्हा तरी बल्ब लुकलुकायला हवा होता. एकदाही नाही.

"आता दोन गोष्टी," तो म्हणाला. "एक तर कॉइल आतून तुटलीय, पर ही नवी हाय. न्हाई तर पुढं कुठंतरी तार लोखंडाला चिकटलीय." त्याने डेल्कोकडे जाणारी तार कॉइलवरून सोडवली आणि बल्ब पुन्हा त्याच टोकाला लावला.

बल्ब लख्ख पेटला.

त्याने जुनी कॉइलही क्षणभर जोडून पाहिली. एका तुकड्या तारेने तिचे टोक लोखंडाला लावायचे आणि उचलायचे, एवढेच. जाड वायरीच्या तोंडातून निळी ठिणगी टचकन उडाली. तीच कॉइल, जिला मी जळाली म्हणून जाहीर केले होते.

"डेल्को उघडावा लागतोय," तो म्हणाला, आणि त्याने टोपीच्या दोन्ही कड्या सोडल्या.

तो काय बघणार हे मला टोपी निघण्याआधीच कळले होते. पॉइंटला जी बारीक तार जोडतात, तिच्या टोकाला तांब्याची एक चकती असते. नट आवळताना ती चकती बोटाने धरून ठेवायची असते. उस्ताद नेहमी धरीत. मी टॉर्च दातांत धरली होती. नटाबरोबर चकती फिरली होती आणि डेल्कोच्या भिंतीपासून केसभर अंतरावर राहिली होती. घरापासून इथवर ते केसभर अंतर टिकले. पालीच्या गतिरोधकावर ती भिंतीला जाऊन टेकली. मग पॉइंट उघडोत की मिटोत, विजेला तुटायला वावच नव्हता. ती अखंड वाहत राहिली, कॉइल तापत राहिली, आणि ठिणगी नाही.

त्याने चकती सरळ केली, बोटाने धरली, नट आवळला. अर्धे मिनिटसुद्धा लागले नाही. कागदाचा कपटा पॉइंटमधून ओढून ते पुसले, टोपी बसवली. "मारा." पद्मिनी अशी सुरू झाली, की जणू मधले तीन तास झालेच नव्हते.

"तुमच्या उस्तादाला सांगा काका," तो हात पुसत म्हणाला, "की म्हातारपणी जरा ध्यान देऊन..."

"उस्तादांनी नाही," मी म्हणालो. "मी बसवले."

इंजिन चालू होते, म्हणून कदाचित कुणाला ऐकू गेले नसेल असे मला क्षणभर वाटले. पण त्याला गेले होते. तो रागावला नाही. नुसता माझ्याकडे पाहत राहिला, मग दारातल्या ताटाकडे त्याने पाहिले.

"आदी सांगायचं की हो," तो म्हणाला. "पैल्या झटक्याला डेल्कोच उघडला असता."

धुण्याच्या पावडरीने हात चोळीत तो घरात गेला. पैसे घ्यायला काही केल्या तयार होईना, म्हणून मिठाईचा एक पुडा सौभाग्यवतीने आत नेऊन दिला. दारातून दिसत होते. त्याचे हात अजून काळेच होते, आणि बहीण ओवाळत होती. ओवाळणी ताटात पडते न पडते तोच बाहेर ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. बाईने ताट खाली ठेवले, ट्रंक उचलली. भाऊ एका पोराला काखेत घेऊन तिच्या मागे धावला. ट्रॉलीत गोधड्यांच्या ढिगावर चढून बसल्यावर तिने पदर नीट केला, आणि ट्रॅक्टर आमच्या गाडीला वळसा घालून निघून गेला.

मांजरसुंब्याचा घाट चढेपर्यंत आमच्या गाडीत कुणी बोलले नाही. माथ्यावर आल्यावर सौभाग्यवती म्हणाली, "उस्तादांची मजुरी म्हणून माझ्याकडून चारशे रुपये नेले होते, ते कुठे आहेत?"

ते अक्काच्या ओवाळणीच्या पाकिटात होते. तसे मी सांगितले. चिरंजीवांना खोकला आला.

अक्का उपाशी बसली होती. त्याचे वर्णन करीत नाही.

डिसेंबरात उस्तादांचे ऑपरेशन झाले. मी भेटायला गेलो तेव्हा जुनी कॉइल बरोबर नेली होती, काही निमित्त असावे म्हणून. डोळ्यांवर काळा चष्मा. त्यांनी कॉइल हातात घेतली, हलवून पाहिली, बॅटरीला लावून ठिणगी काढली.

"ही तर चांगली आहे," ते म्हणाले. "काढली कुणी?"

मी स्टूल ओढले आणि पॉइंटच्या डबीपासून सुरुवात केली.