अमन म्हणजे पाणी

2019 साली अम्मीला घेऊन उमऱ्याला गेले होते. मदिनेत मस्जिदे नबवीमध्ये असर आणि मगरिबच्या मधल्या वेळात आम्ही बायकांच्या भागात बसलो होतो. शेजारी एक म्हातारी बसली होती. अंगावर पांढरी चादर, हनुवटीवर हिरवट गोंदण. अम्मीचं लक्ष सारखं त्या गोंदणाकडे जात होतं. मुसलमान बाईच्या हनुवटीवर गोंदण, हे तिच्या हिशेबात बसत नव्हतं. इतक्यात म्हातारी नातीकडे वळून म्हणाली, "अमन."

अम्मीला गलबलून आलं. ती मला हळूच म्हणाली, "अमन मांग रही बिचारी. पूछ, क्या होना इनकू?"

नात उठली, जमजमच्या पिंपातून पेला भरून घेऊन आली आणि म्हातारीच्या हातात दिला. म्हातारी घटाघटा पाणी प्यायली. तिच्या भाषेत अमन म्हणजे पाणी.

बी.ए.ला माझा अरबी हा एक विषय होता. तेवढ्या पुंजीवर मी नातीला विचारलं, "अयना तस्कुनीन?" कुठं राहता? ती तोंडावर हात ठेवून हसली. मग मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "तुम्ही टीव्हीवरच्या बातम्यांसारखं बोलता." ती अल्जीरियाची होती, तिझी उझूच्या बाजूची. उर्दूत आपण ज्याला अल-जजायर म्हणतो तो देश. तिनं बोटांवर मोजून दाखवलं. घरी कबाइली, बाजारात आणि मैत्रिणींशी दारिजा, शाळेत फुसहा अरबी, कॉलेजात फ्रेंच. आणि आजीला? आजीला एकच, कबाइली. अरबी फक्त नमाजपुरती.

मी अम्मीला हे सांगितलं. अम्मी म्हणाली, "मेरे सरकीच हय फिर."

तोवर माझी अशी पक्की समजूत होती की मोरोक्कोपासून इराकपर्यंत सगळे अरबी बोलतात, आणि अरबी म्हणजे कुराणाची अरबी. वर्गात तारिक बिन जियादची गोष्ट मी कितीदा रंगवून सांगितली असेल. अल्लामा इक्बालांची 'तारिक की दुआ' ही नज्मही मुलांना ऐकवलेली. पण तारिक घरात, आईशी कुठली भाषा बोलत असेल, हा प्रश्न मला कधी पडला नाही आणि मुलांनीही विचारला नाही. तारिक बर्बर होता, असं बहुतेक इतिहासकार मानतात. त्या म्हातारीचे लोक तेच. मराठीत 'बर्बर' म्हणजे रानटी. त्यांनाही हे नाव परक्यांनीच दिलेलं, आणि त्याचा अर्थही जवळपास तोच. ते स्वतःला अमाझिघ म्हणवतात, म्हणजे आझाद माणूस, आणि आपल्या भाषेला तमाझिग्त. तिच्या अनेक बोली आहेत. तिझी उझूच्या डोंगरांत कबाइली, ऑरेसच्या डोंगरांत शावी, गर्दायाच्या बाजूला मझाबी, खाली सहारात तुआरेग लोकांची वेगळी. तुआरेगांनी आपली तिफिनाग ही प्राचीन लिपीसुद्धा जपली आहे. अरबी त्या मुलखात आली ती इस्लामबरोबर. या बोली त्याच्या कितीतरी आधीपासून तिथं आहेत.

परत आल्यावर जे मिळेल ते वाचत गेले. वाचताना आधी बाजू घेतली ती अरबीची, हे कबूल करते. फ्रेंचांनी 1830 मध्ये अल्जीरिया घेतला आणि 132 वर्षं सोडला नाही. वक्फच्या मिळकती ताब्यात घेतल्या, त्यामुळे त्यांवर चालणारे मदरसे बसले. 1938 मध्ये तर हुकूम काढून अरबीला अल्जीरियात 'परकी भाषा' ठरवलं. ज्या मातीत हजार वर्षं अजान होते आहे तिथं अरबी परकी आणि फ्रेंच घरची! याविरुद्ध कॉन्स्टंटिनचे शेख अब्दुल हमीद बिन बादीस उभे राहिले. 1931 मध्ये त्यांच्या पुढाकारानं उलेमांची जमियत निघाली, गावोगाव अरबीच्या शाळा निघाल्या, मुलींनासुद्धा त्यांत घेतलं. इस्लाम आमचा धर्म, अरबी आमची भाषा, अल्जीरिया आमचं वतन, हे त्यांचं घोषवाक्य. आपल्या कानांना हे किती ओळखीचं वाटतं! यात खोच अशी की बिन बादीसांचं घराणं सन्हाजा या बर्बर कबिल्यातलं आणि ते स्वतः अभिमानानं नावापुढे सन्हाजी लिहीत. त्यांच्या मनात या दोन गोष्टींचा झगडा नव्हता.

झगडा झाला तो आझादीनंतर. मार्च 1962 मध्ये एव्हियाँला फ्रेंचांशी समझोता झाला. त्यावर अल्जीरियाच्या बाजूनं सही करणारे करीम बल्कासिम हे कबाइली. जंगे आझादीत कबाइली डोंगरांनी किती माणसं दिली, त्याला गणती नाही. आणि एप्रिलमध्ये ट्यूनिसला उतरल्यावर अहमद बिन बेला, जे पुढं पहिले अध्यक्ष झाले, त्यांनी जाहीर केलं: आम्ही अरब आहोत, अरब आहोत, अरब आहोत. तीनदा. एखादी गोष्ट माणूस तीनदा का सांगतो, हे शाळेत शिकवणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

मग शाळांमध्ये अरबी आणायचं ठरलं. पण शिकवणार कोण? देशात अरबी शिकलेले मास्तर मोजके, म्हणून इजिप्त आणि शामकडून मागवले. मी स्वतः शिक्षिका, त्यामुळे मन त्या वर्गातच जाऊन बसतं. कैरोचा मास्तर फळ्यावर लिहितो: मुस्तश्फा, म्हणजे दवाखाना. पोर घरी म्हणतं 'स्बितार'. मास्तर म्हणतो मतबख, आई म्हणते 'कुझिना'. मास्तर विचारतो, कैफ हालुक? पोराला ठाऊक आहे ते 'वाश राक?' दारिजा अरबीचीच लेक, पण तिच्यात बर्बर शब्द मिसळले, तुर्की, स्पॅनिश आणि फ्रेंचही मिसळले. ज्याच्या घरी दारिजा त्याची ही गत. मग ज्याच्या घरी पाण्याला अमन आणि भाकरीला अगरूम म्हणतात, त्या पोराचं काय झालं असेल? मास्तरला त्याची बोली कळत नाही, त्याला मास्तरची कळत नाही, आणि दोघेही मुसलमान. बी.एड.ला आम्हाला पहिल्याच महिन्यात घोकून घेतलं होतं, ज्ञाताकडून अज्ञाताकडे न्यावं. इथं ज्ञात असं काही वर्गात येऊच द्यायचं नाही, असा बंदोबस्त.

फ्रेंच मात्र गेली नाही. डॉक्टर, इंजिनिअर, मोठे साहेब दीर्घकाळ फ्रेंचमधूनच घडत राहिले. गरिबाच्या पोरानं बारावीपर्यंत अरबीत शिकायचं आणि वैद्यकीय कॉलेजात गेल्यावर फ्रेंचपुढं मुकं व्हायचं. हे वाचताना मला आमच्या शाळेतून सायन्सला गेलेली मुलं आठवली, पण तो विषय वेगळा आहे. कातिब यासीन यांच्यासारख्या लेखकानं फ्रेंच ही लढाईतली लूट मानली. 1956 ची त्यांची 'नजमा' ही कादंबरी फ्रेंचमध्ये आहे. ते लहान असताना वडिलांनी त्यांना कुराणाच्या मकतबातून काढून फ्रेंच शाळेत घातलं. मुलगा दुरावतोय हे आईला दिसलं, तेव्हा ती बिचारी मुलालाच म्हणाली, मलाही फ्रेंच शिकव. हे त्यांनीच लिहून ठेवलंय. पुढं 1970 नंतर हाच माणूस फ्रेंच बाजूला ठेवून दारिजात नाटकं करू लागला. मजुरांपुढं, खेड्यांत. मला वाटतं, ती नाटकं कुठंतरी त्या आईसाठीच होती.

तिझी उझूची गोष्ट 1980 ची. मौलूद मामेरी हे कबाइली लेखक तिथल्या विद्यापीठात जुन्या कबाइली कवितेवर व्याख्यान देणार होते. 10 मार्चला सरकारनं ते होऊ दिलं नाही. कवितेवरचं एक व्याख्यान! त्यातून कबाइली भाग पेटला आणि 20 एप्रिलच्या पहाटे पोलीस विद्यापीठात घुसले. तिथले लोक अजून ती तारीख पाळतात. 1994-95 चं सबंध शालेय वर्ष कबाइली आईबापांनी मुलांना शाळेतच पाठवलं नाही. दप्तर घरात खुंटीला. स्वतःच्या मुलाचं वर्ष असं फुकट घालवायला काय कलेजा लागत असेल! त्यानंतर काही शाळांत तमाझिग्त शिकवायला सुरुवात झाली. 2001 मध्ये पोलिसी कोठडीत एका कबाइली विद्यार्थ्याचा जीव गेला आणि उसळलेल्या दंगलीत शंभरहून जास्त माणसं मेली, बहुतेक जवान पोरं. 2002 मध्ये घटनेत तमाझिग्त 'राष्ट्रीय' भाषा झाली, 2016 मध्ये 'राजभाषा'ही. 2018 पासून त्यांच्या नववर्षाला, 12 जानेवारीला, देशभर सुटी असते. लिपी कुठली घ्यावी, तिफिनाग, रोमन की अरबी, यावरचं भांडण अजून सुरूच आहे.

दारिजाचं नशीब एवढंही नाही. 2015 मध्ये शिक्षणमंत्री नूरिया बिन गब्रीत यांच्या खात्यातून सूचना पुढे आली की पहिल्या एकदोन वर्षांत मुलांशी थोडं दारिजात बोलावं, म्हणजे शाळा अंगवळणी पडेल. केवढा गदारोळ झाला! अरबीवर घाला, कुराणापासून मुलांना तोडण्याचा डाव, फ्रेंचांचं कारस्थान. माझा यावर विश्वास बसत नाही. कुराण आपण सगळेच न समजणाऱ्या भाषेतून शिकलो आणि त्यावर आपला जीव आहे. त्याला वर्गातल्या चार घरगुती शब्दांनी धक्का लागेल? पण त्या लोकांचं भयही मला अगदीच खोटं म्हणवत नाही. ज्यांची भाषा हुकूम काढून परकी ठरवली, ते तिच्याभोवती कुंपण घालणारच. दुःख याचं की कुंपण आपल्याच पोरांच्या तोंडापुढं पडलं. आता 2022 पासून प्राथमिक तिसरीला इंग्रजीही आली आहे, फ्रेंचच्या शेजारी. म्हणजे आठ वर्षांच्या कबाइली पोराच्या दप्तरात किती भाषा झाल्या, मोजून पाहा.

हे सगळं मी इतकं खोदत का बसले, ते सांगायला हवं. उमऱ्याच्या आदल्या वर्षी माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगी होती. मी वाचायला पुस्तक पुढं केलं तर म्हणाली, "टीचर, मेरेकू ये नक्को." मी म्हटलं, "मेरेकू नहीं, मुझे. और ये नक्को क्या होता है? हम उर्दू पढ़ते हैं या गधे हाँकते हैं?" सगळा वर्ग हसला. मीही हसले. त्यानंतर ती पोरगी वर्षभर माझ्या तासाला बोलली नाही. हवं-नको मानेनं सांगायची. वहीत सगळं बिनचूक. शेवटच्या शेऱ्यात मी लिहिलं होतं, 'शांत स्वभावाची.'

माझी अम्मीही हेच बोलते, मेरेकू, तेरेकू, नक्को. 'नक्को' मराठीच्या 'नको'वरून आलेला. ही आमची दखनी, आणि खेड्यातले शेजारी तिला मुसलमानी म्हणतात. शाळेत लागल्यावर मी अम्मीला बजावलं होतं, माझ्या सहकारी बायका घरी आल्या की जरा कमी बोल. अम्मी चहा देऊन आत जायची. मदिनेत ती म्हातारी पाणी पिऊन झाल्यावर अम्मीचा हात धरून बराच वेळ काहीतरी सांगत होती, कबाइलीत. अम्मी दखनीत उत्तरं देत होती. नात आणि मी, सहासात भाषांच्या मालकिणी, नुसत्या बघत बसलो होतो.

या जूनमध्ये दाखल्यांच्या टेबलावर माझी पाळी होती. एक बाई मुलाला पहिलीत घालायला आली होती. नाव, जन्मतारीख, पत्ता झाला. मातृभाषेच्या रकान्यावर आले आणि तिला विचारलं, "घर में क्या बोलते?" ती ओशाळून म्हणाली, "मुसलमानीच बोलते, टीचर. पन उने सीख लेंगा."

मी पेन धरून थोडा वेळ थांबले. मागं रांग होती. मग रकान्यात लिहिलं, 'उर्दू'.