दुबईच्या बाजारात आम्ही चौघी

आम्ही चौघी साताऱ्याच्या आझाद शिक्षणशास्त्र महाविद्यालयात बी.एड.ला एकत्र होतो. त्याला वीस वर्षे होऊन गेली. पुढे दोघी साताऱ्यात राहिल्या, दोघी सांगलीला गेल्या. मैत्री टिकली ती थोडी फोनमुळे आणि बरीचशी भिशीमुळे. तीन वर्षांपूर्वी ठरले की या वेळची भिशी कुणी एकटीने उचलायची नाही. पैसे साठवायचे आणि चौघींनी मिळून एकदा तरी समुद्रापलीकडे जाऊन यायचे. २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत तो योग आला. चार रात्रींसाठी आम्ही दुबईला गेलो. सोबतीला आमचे मियाँ होते. बाकीच्या तिघी त्यांना भाईजान म्हणतात. बाजारात बसायला जागा शोधणे आणि पिशव्या सांभाळणे हे काम त्यांनी न कुरकुरता केले.

नावे लिहिण्यापेक्षा शाळेत म्हणतात तसे विषयांवरून सांगतो. गणिताच्या बाई सांगलीच्या, जैन. शास्त्राच्या बाईही सांगलीला असतात, पण माहेर विट्याचे. इतिहासाच्या बाई आमच्याच, साताऱ्याच्या. आणि उर्दू-मराठी शिकवणारे ते आम्ही.

प्रत्येकीच्या पर्समध्ये घरच्यांनी दिलेली यादी होती. खजूर, अत्तर, अबाया, केशर, नणंदेच्या मुलासाठी घड्याळ. इतिहासाच्या बाईंच्या यादीत मात्र एकच वस्तू होती, सोन्याचे कडे. त्यांच्या मुलीचा निकाह फेब्रुवारीत ठरला होता. मुलाकडच्यांनी काही मागितले नव्हते. फक्त होणाऱ्या सासूबाई बोलता बोलता म्हणाल्या होत्या, "तुम्ही दुबईला जाताच आहात, तर कडे तिथलेच घ्या. तिथले सोने चांगले असते म्हणतात." याला मागणी म्हणता येत नाही, आणि विसरूही म्हटले तर विसरता येत नाही. ज्या आईने असे वाक्य ऐकले आहे, तिला त्याचे वजन समजावून सांगायला नको.

आमचा मुक्काम बर दुबई भागात होता. पहिल्याच संध्याकाळी प्रश्न आला जेवणाचा. आपल्याकडे सहलीला गेलो की हॉटेलच्या दारात उभे राहून 'हलाल आहे का?' असे विचारणारे आम्ही असतो. खात्री पटली नाही की पनीर नाहीतर डाळभात मागवतो. महाबळेश्वरला, गणपतीपुळ्याला, सगळीकडे हेच. दुबईत ते विचारावेच लागले नाही. बाहेर शांतपणे खाता येते, याचे सुख ज्याला रोज विचारावे लागते त्यालाच कळेल.

पण आमची विचारणा संपली आणि गणिताच्या बाईंची सुरू झाली. कांदा आहे का, लसूण आहे का, बटाटा, अंडे? फलाफल नको, त्यात कांदा-लसूण. हुम्मस नको, त्यात लसूण. शिवाय त्या सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी सांगलीहून आणलेले बिनलसणाचे भडंग खाऊन वेळ काढली, आणि आम्ही रात्री नऊला त्यांच्यासमोर शोरमा खाल्ला. त्या हसत होत्या. आमच्या मात्र घास घशाखाली उतरेना. वीस वर्षे सहलींमध्ये आमच्यासाठी हॉटेले बदलत फिरलेली हीच मैत्रीण.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही वेळ बदलली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. आम्ही साडेचारलाच जेवायला बसू लागलो. त्यांचे जेवण संपायचे आणि मगरिबची अजान व्हायची. त्या पिशव्यांपाशी बसायच्या, आम्ही नमाज पढून यायचो. विचारायचे कामही आम्हीच अंगावर घेतले. एका केरळी वेटरला आम्ही कांदा-लसणाची लांबलचक यादी सांगू लागलो, तर तो मध्येच म्हणाला, "जैन?" त्या भागात गुजराती मंडळींची वस्ती जुनी, त्यामुळे त्याला सगळे ठाऊक होते. एका बेकरीत जातर लावलेली मनाकिश मिळाली. जातर म्हणजे रानओव्यासारखी एक वनस्पती, तीळ आणि सुमाक नावाचे आंबट लाल फळ यांचे कूट. तेलात कालवून ते रोटीवर लावतात आणि भट्टीत भाजतात. गणिताच्या बाई म्हणाल्या, "ही तर तिळाची चटणी लावलेली भाकरी!" पुढचे तीन दिवस त्यांचे भागले.

आम्ही मंदी खाल्ली. हा मूळचा यमनचा प्रकार. मांस जमिनीतल्या भट्टीत शिजते आणि त्याचा रस खालच्या भातात उतरतो. एका मोठ्या थाळ्याभोवती बसून सगळ्यांनी खायचे. सतवा भागातल्या, १९७८ पासून चालू असलेल्या रावी रेस्टॉरंटमध्येही जाऊन आलो. रस्त्याकडेच्या टेबलावर पाकिस्तानी, केरळी, फिलिपिनो आणि आम्ही सातारकर शेजारी शेजारी. लुकैमात म्हणजे खजुराच्या पाकातले आपले गुलगुलेच. आणि जिकडे तिकडे मिळतो तो चहा 'करक'. हा शब्द आपल्या 'कडक'चाच भाऊ.

तिसऱ्या दिवशी खाडी ओलांडून देराला गेलो. अब्रा नावाची लाकडी होडी एक दिरहममध्ये पलीकडे नेते. हरिपूरच्या संगमावरची आठवण सांगलीकरांना लगेच आली. उतरल्यावर समोरच मसाल्यांचा बाजार. लोबान, वाळवलेली काळी लिंबे, गुलाबाच्या कळ्या, इराणी केशर. एका पोत्यात हळद होती. शास्त्राच्या बाईंनी चिमूटभर बोटावर घेऊन वास घेतला. "कुठली?" दुकानदार म्हणाला, "इंडिया." सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पूर्वी ती हरिपूरच्या पेवांत जमिनीखाली साठवत, हे सगळे त्या दुकानदाराला सांगून आल्या. त्याने ऐकून घेतले आणि केशराचा भाव थोडा कमी केला. या बाजारात घासाघीस चालते. खजूर मात्र मोठ्या किराणा दुकानात घ्यावेत. तिथे भाव लिहिलेला असतो आणि बहुतेक वेळा कमीही असतो.

तिथून चालत सोन्याच्या बाजारात. लाकडी छताखाली दोन्ही बाजूंना दुकाने. एका काचेमागे 'नजमत तय्यबा' नावाची प्रचंड अंगठी ठेवली आहे. वजन सुमारे ६४ किलो. लोक तिच्यासोबत फोटो काढतात. इतिहासाच्या बाई मात्र वर्गात शिकवतात तशा सांगत होत्या. एकेकाळी या सगळ्या भागात आपला रुपयाच चालायचा. इथून सोने बोटींतून चोरून मुंबईकडे यायचे आणि त्या बदल्यात आपले परकीय चलन बाहेर जायचे. म्हणून १९५९ मध्ये भारताने आखातासाठी वेगळा रुपया छापला. दुबईत तो १९६६ पर्यंत चालला. आपल्याकडे १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला, तोवर सोन्यावर बंधनेच बंधने. "दुबईचे सोने चांगले, ही समजूत त्या काळातली," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे मिळत नव्हते म्हणून ते चांगले."

शास्त्राच्या बाईंचे माहेर गलाईवाल्यांचे. खानापूर, आटपाडी, तासगाव आणि आमच्याकडचे खटाव, माण हा दुष्काळी पट्टा. पाऊस नाही, शेती नाही, म्हणून इथली माणसे जुने सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा धंदा शिकली आणि देशभरातल्या सराफ बाजारांत जाऊन बसली. त्यांचे काका, मामा, भाऊ सगळे याच कामात. दुकानदार भाव सांगू लागला तसे त्यांनी एकच प्रश्न विचारला, "घडणावळ ग्रॅमला किती?" मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "बावीस कॅरेट म्हणजे हजारात ९१६ भाग सोने. ते इथेही तेवढेच आणि विट्यातही तेवढेच. फरक पडतो तो घडणावळीत आणि करात."

कडे सुंदर होते. इतिहासाच्या बाईंनी हातात घातले. गणिताच्या बाईंनी बिलाच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला. दिवसाचा भाव, घडणावळ, त्यावर ५ टक्के व्हॅट. पर्यटकाला विमानतळावर त्यातला बराचसा परत मिळतो, तो वजा. मग मुंबईचे सीमाशुल्क. करमाफीने दागिने आणण्याची सवलत वर्षाहून जास्त काळ परदेशात राहिलेल्यांना असते. आमचा मुक्काम चार रात्रींचा. आणि सहा महिने तरी राहिलेल्यांना शुल्काचा जो कमी दर मिळतो, तोही आम्हाला लागू नव्हता. सगळे धरले तर कडे सांगलीपेक्षा महाग पडत होते. (हे नियम बदलत असतात. जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी पाहून घ्यावेत.)

इथे आमच्याकडून जे झाले ते लिहायला संकोच वाटतो, पण लिहितो. आम्हीच म्हणालो, "अगं, हातात घालूनच चल ना. अबायाच्या बाहीखाली कुणाला दिसते? सगळेच आणतात." भाईजान बाकावरून काही बोलले नाहीत. गणिताच्या बाईंनी पेन मिटले.

इतिहासाच्या बाई कड्याकडे बघत राहिल्या. तीन वर्षे साठवलेले पैसे पर्समध्ये होते. एक कडे घेतले की सासूबाईंचे वाक्य मिटले असते. मग त्या ते काढू लागल्या. बोटांच्या पेरांपाशी अडकले, निघेना. दुकानदाराने साबणाचे पाणी आणून दिले. कडे निघाल्यावर ते त्याच्या हातात देत त्या आम्हाला हळूच म्हणाल्या, "याच बाहीत नमाज पढते. तिच्यातच लपवू?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. परतीच्या अब्रात कुणीच फारसे बोलले नाही. रात्री खोलीत त्यांनी मुलीला फोन लावला. मुलगी म्हणाली, "अम्मी, मला कडे हवंय. ते दुबईचं हवं असं मी कधी म्हणाले?" फोन ठेवल्यावर त्या थोडा वेळ खिडकीपाशी उभ्या राहिल्या. मग गणिताच्या बाईंनी भडंगाची शेवटची पुडी फोडली आणि सूर्यास्त कधीच होऊन गेलेला असल्याने स्वतः न खाता आम्हा तिघींना वाटली.

मुंबईला उतरलो तेव्हा आमच्या बॅगांत खजूर, केशर, जातर, दोन अबाया, एक घड्याळ आणि काळी लिंबे होती. 'काही जाहीर करायचे नाही' अशा हिरव्या मार्गाने आम्ही बाहेर आलो. कुणी अडवले नाही. एवढी साधी गोष्ट, पण अडवले असते तर काय सांगायचे याची चिंता नसणे ही केवढी मोठी सोय, हे त्या पन्नास पावलांत कळले.

डिसेंबरमध्ये कडे सांगलीच्या सराफ कट्ट्यावर घेतले. शास्त्राच्या बाई सोबत होत्याच, घडणावळ त्यांनीच ठरवली. आता हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एक क्रमांक असतो. १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर तो क्रमांक टाकला की दागिन्याची शुद्धता दिसते. आमच्या बहिणींनी सोने घेताना हे दुकानातच पाहावे, यात लाजण्यासारखे काही नाही.

निकाहाच्या आठ दिवस आधी सासूबाई घरी आल्या. आम्हीही तिथे होतो. चहाबरोबर दुबईचे खजूर ठेवले होते. इतिहासाच्या बाईंनी कडे समोर ठेवले आणि त्यांनी विचारण्याआधीच सांगितले, "हे सांगलीचे आहे. तिकडून आणायचे तर कर बुडवून आणावे लागले असते. ते मला जमले नाही."

सासूबाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांनी कडे उचलले, खिडकीकडे धरून पाहिले. मग मुलीला जवळ बोलावून तिच्या हातात घातले. म्हणाल्या, "माप बरोबर आहे." आणि ताटलीतला एक खजूर उचलला.