एक नट आणि आमचे वडील

नटांविषयी लिहिणे हे आमचे काम नव्हे. ज्यांनी तालमी पाहिल्या, विंगेतल्या उकाड्यात उभे राहून पडदा पडण्याची वाट पाहिली, त्यांनी ते करावे. आमचा अधिकार काय तो तिकीट काढून खुर्चीवर बसणाऱ्याचा. तथापि डॉ. श्रीराम लागू यांच्याशी आमचा एक जुना हिशेब आहे. त्यांना त्याची वार्ताही नव्हती, आणि १७ डिसेंबर २०१९ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाल्यामुळे तो आता कायमचा एकतर्फी राहिला आहे. तोच आज मांडावा असे मनात आहे.

डॉक्टरांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२७ चा, साताऱ्याचा. वैद्यकाचे शिक्षण पुण्यात झाले आणि विशेष विद्या संपादली ती कान, नाक व घसा यांची. ज्याने लोकांचे घसे दुरुस्त करावयाचे त्याच्याच घशातून पुढे असा आवाज निघावा, यावर कोटी करण्याचा मोह पुष्कळांना झाला असेल. आम्ही तो आवरतो. भालबा केळकर आदी मंडळींच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमधून हौशी नाटके करणे, मध्येच कॅनडा व इंग्लंड येथे जाऊन अधिक शिकून येणे, पुण्यात आणि पुढे आफ्रिकेत टांझानियातील टबोरा येथे शस्त्रवैद्यकी करणे, असा दुहेरी संसार त्यांनी बरीच वर्षे चालविला. अखेर १९६९ साली, चाळिशी उलटल्यावर, चालता धंदा सोडून ते वसंत कानेटकरांच्या 'इथे ओशाळला मृत्यू' या नाटकापासून पूर्णवेळ नट झाले. या वयात शहाणी माणसे निवृत्तीवेतनाची गणिते मांडू लागतात. आम्ही स्वतः तिशीतच ती मांडू लागलो होतो, हे येथेच कबूल करून टाकतो; कारण पुढील हकीकतीचे मूळ त्यात आहे.

आमचे वडील वाईस शाळामास्तर होते. आम्ही त्यांस अण्णा म्हणत असू. पस्तीस वर्षे मुलांना व्याकरण आणि गणित शिकवून ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्यापाशी चार खोल्यांचे एक घर, मागे विहीर आणि आपले म्हणणे कोणी मोडीत नाही हा दृढ समज, एवढी मालमत्ता होती. आम्ही पुण्यास नोकरीला होतो. घर आमच्या नावावर झाले तर कर्ज काढून वर माडी चढविता येईल, असे आम्ही त्यांना वर्षभर सुचवीत होतो. सुचवीत होतो, हा शब्द आम्ही आमच्या सोयीने वापरला आहे. शेवटी अण्णांनी होकार दिला. बक्षीसपत्राचा मसुदा झाला. स्टँपचा कागद आला. १९७२ च्या हिवाळ्यात ते दोन दिवसांसाठी आमच्याकडे पुण्यास आले आणि सोमवारी आम्ही उभयतांनी वाईस जाऊन दस्त नोंदवावा असे ठरले. मधला रविवार मोकळा होता. वडिलांस काही सुख द्यावे म्हणून आम्ही बालगंधर्व रंगमंदिराची दोन तिकिटे काढली. नाटक होते 'नटसम्राट'.

वाचक हसले असतील. आम्हांसही आता हसू येते. परंतु आम्ही शपथेवर सांगतो की नाटकाचे कथानक आम्हांस ठाऊक नव्हते. लागू फार चांगले काम करतात, एवढेच कचेरीत ऐकले होते.

शिरवाडकरांचे हे नाटक धी गोवा हिंदु असोसिएशनने २३ डिसेंबर १९७० रोजी रंगभूमीवर आणले. दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, आणि कावेरीच्या भूमिकेत शांता जोग. गणपतराव बेलवलकर हा निवृत्त नट आपले सर्व मुलाला व मुलीला वाटून देतो, त्यांच्या आश्रयास जातो, आणि तेथून अपमान सोशीत अखेर रस्त्यावर येतो. पहिल्या अंकातील वाटणी चालू असता आम्ही हळूच शेजारी पाहिले. अण्णा ताठ बसून होते. दुसऱ्या अंकात मुलीच्या घरी म्हाताऱ्यावर चोरीचा आळ आला, तेव्हा सारे नाट्यगृह नाक पुसू लागले. अण्णांच्या डोळ्यांत पाणी नव्हते. आमच्या मात्र होते, आणि ते लाजेचे होते की भीतीचे, हे आज सांगवत नाही.

परतताना रिक्षात कोणी बोलले नाही. सकाळी पोहे खाऊन झाल्यावर अण्णा म्हणाले, "आज राहू दे रे. पुढं बघू." आम्ही "बरं" म्हणालो. त्या 'पुढे'ला तीन वर्षे लागली, आणि त्या तीन वर्षांत डॉ. लागूंचे नाव कोणी आमच्यासमोर काढले की आम्ही विषय बदलीत असू.

हा राग किती अन्यायाचा होता ते पाहा. ज्या १९७० साली लागू बेलवलकर झाले त्याच साली त्यांनी विजय तेंडुलकरांचे 'गिधाडे' बसविले, आणि त्यात भूमिकाही केली ती रमाकांतची; म्हणजे पैशासाठी बापाच्या जिवावर उठणाऱ्या पोराची. एका वर्षात एकाच माणसाने बाप लुबाडणाऱ्याच्या कातडीत शिरून पाहिले आणि लुबाडल्या गेलेल्या बापाच्याही. नटाचे अष्टपैलुत्व म्हणून आपण जे वाखाणतो ते पुष्कळदा मिशा, टोप आणि लकबी बदलण्याचे कौशल्य असते. लागूंचा चेहरा व आवाज कोणत्याही भूमिकेत चटकन ओळखू येई. बदलत असे ते त्या माणसाचे स्वतःविषयीचे मत. वाक्य उच्चारण्यापूर्वी तो विचार या इसमाला आत्ताच सुचला आहे अशी एक क्षणाची अडखळ ते ठेवीत, आणि त्या क्षणात प्रेक्षक सापडे.

अण्णांनी मात्र तो नट आमच्यासारखा टाकला नाही. उलट मास्तर लोकांची कामे हा गृहस्थ कशी करतो, याची त्यांना चटकच लागली. व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा' (१९७२) त्यांनी पाहिला. त्यातील आदर्श शिक्षक तमासगिरिणीच्या मोहात पडतो, गावाची समजूत होते की तो मेला, गाव त्याचा पुतळा उभारते; आणि शेवटी स्वतःच्याच खुनाचा आरोप तो मुकाट्याने पत्करतो, पुतळ्याला डाग लागू नये म्हणून. लोक गहिवरले. अण्णा संतापले. "पुतळा वाचवला, पण पोरांना खोटं शिकवलं! मास्तरानं चुकलेलं गणित फळ्यावर तसंच ठेवायचं का?" काम कसे झाले असे विचारता म्हणाले, "काम चोख. म्हणूनच राग येतो."

पुढे 'सामना' आला. तेंडुलकरांची कथा, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन. १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवातही तो गेला. त्यात लागू पुन्हा मास्तर होते, पण दारूच्या आहारी गेलेले, चुरगळलेले. आणि समोर निळू फुले यांचा हिंदुराव धोंडे पाटील. सगळ्या गावाला ज्याचे अन्न गोड लागते त्या धन्याला हा फाटका माणूस एका नाहीशा झालेल्या मारुती कांबळेविषयी प्रश्न विचारीत राहतो. दारूच्या थेंबाला न शिवलेले आमचे वडील या दारुड्यावर बेहद्द खूश झाले. "हा खरा मास्तर. उत्तर येईपर्यंत तोच प्रश्न."

त्याच वर्षाच्या अखेरीस एके दिवशी अण्णांनी आपण होऊन कपाटातला मसुदा काढला आणि आम्हांस कचेरीत घेऊन गेले. सही झाल्यावर पायऱ्या उतरताना आम्ही धीर करून विचारले, "अण्णा, त्या वेळी नाटकामुळंच थांबलात ना?"

"हो. पण तुला वाटतं तसं नाही," ते म्हणाले. "तुझी भीती नव्हती वाटली. त्या बेलवलकराला घर देऊन टाकता आलं, पण टाळ्या देऊन टाकता येईनात. मुलाच्या घरीसुद्धा तो रंगमंचावरच होता. मी म्हटलं, आपली शाळा अजून सुटलेली नाही. आत्ता घर दिलं तर तुझ्या घरात मी रोज हजेरी घेईन."

आम्ही ते नाटक कृतघ्न मुलांवरचे म्हणून पाहिले होते. अण्णांनी त्यात म्हाताऱ्याचा अहंकार पाहिला. आणि तो दिसावा एवढी जागा लागूंनी ठेवली होती, एरवी एवढ्या अश्रूंत तो कुणाला दिसला असता? म्हाताऱ्याची कीव मिळवून देणे नटाला सोपे असते. कीव येत असतानाच त्याचा हट्ट, त्याचा मोठेपणाचा सोस आणि घरातल्यांना होणारा त्याचा जाच दिसू देणे, हे आमच्यासारख्या दुसऱ्या रांगेतल्या आरोपींवर मोठे उपकार होते. ते उमगायला आम्हांस वडिलांची मदत लागली.

नंतर आम्ही डॉक्टरांचे पुष्कळ काम पाहिले. कानेटकरांच्या 'हिमालयाची सावली'तले प्राध्यापक भानू, 'घरौंदा'तला आजारी धनिक, 'सिंहासन'मधले दाभाडे, अॅटनबरोंच्या 'गांधी'तले गोखले. हिंदी चित्रपटांत त्यांनी केलेल्या बापांची आणि न्यायाधीशांची तर गणतीच नाही. त्यांतल्या बहुतेकांत त्यांना करण्यासारखे काही नव्हते, आणि ते त्यांनी नीटनेटके केले. आपल्या आत्मचरित्राला त्यांनी 'लमाण' हे नाव दिले: इकडचा माल तिकडे पोचविणारा. देवालाही निवृत्त करा म्हणणाऱ्या त्या विवेकवादी गृहस्थाने स्वतःच्या कलेलाही देव्हाऱ्यात बसविले नाही. रंगभूमीवर इतक्या मुलांचा बाप झालेल्या या माणसाला आपला तरुण मुलगा गमवावा लागला. त्याच्या नावाने दिला जाणारा 'तन्वीर सन्मान' रंगकर्मींना मिळतो. याहून अधिक त्याविषयी बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही.

अण्णा १९८८ साली गेले. माडी चढली होती. ते वरच्या खोलीत राहत आणि हजेरी क्वचितच घेत.

२०१६ साली 'नटसम्राट'चा चित्रपट आला, नाना पाटेकरांचा. आमच्या चिरंजीवांनी मोठ्या हौसेने आम्हांस नेले. घर आम्ही त्यांच्या नावे करावे, असे ते काही दिवस सुचवीत होते. परतताना मोटारीत बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी आम्हीच म्हणालो, "पुढं बघू."

कागद अजून आमच्या कपाटात आहेत.