निवेदकाविना

हुकूमशहावरच्या माहितीपटाला निवेदक हवाच, असं मी वर्षानुवर्षं हिरिरीने मांडत आलो. जुनं चित्रण त्याच्याच पदरच्या कॅमेरामननी टिपलेलं. ते जसंच्या तसं दाखवणं म्हणजे त्याचाच प्रचार पुन्हा करणं. भाईंदरला आम्ही काही मित्र अधूनमधून एकत्र सिनेमा पाहतो, तिथेही माझा हाच हेका. तो मी आता सोडला आहे. सोडायला लावलं रोमानियाच्या हुकूमशहावरच्या, आंद्रेई उजिका यांच्या 'द ऑटोबायोग्राफी ऑफ निकोलाय चाउशेस्कू' (२०१०) या माहितीपटाने.

तीन तासांत निवेदनाचं एक वाक्य नाही. हजारेक तासांच्या चित्रणातून वेचलेली दृश्यं एकामागून एक येत राहतात. ऑगस्ट १९६८मध्ये सोव्हिएत फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसतात आणि बुखारेस्टच्या चौकात चाउशेस्कू त्याचा जाहीर धिक्कार करतो. गर्दी उसळते. त्या टाळ्या मनापासूनच्या वाटतात, आणि मलाही त्या क्षणी तो माणूस आवडला. पुढे १९७९च्या कम्युनिस्ट पक्षाच्या अधिवेशनात पक्षाचे वयोवृद्ध नेते कॉन्स्टंटिन पर्वुलेस्कू त्याच्या फेरनिवडीला विरोध करतात, तेव्हा सभागृह घोषणा देत त्यांच्यावर तुटून पडतं. मघाशी मनाने मीही टाळ्या वाजवणाऱ्यांत होतो, हे तेव्हा आठवलं आणि अंगावर काटा आला. निवेदकाने मला १९६८लाच सावध केलं असतं. मी शहाणा ठरलो असतो आणि त्या गर्दीबाहेर सुखरूप राहिलो असतो.

आपल्याकडेही हेच दिसतं. विरार लोकलने जाणाऱ्या आम्हा भाईंदर-मीरा रोडकरांना 'आणीबाणीत गाड्या कशा वेळेवर धावायच्या' हे वाक्य नवं नाही. त्यावर मी मिसा या विनाचौकशी स्थानबद्धतेच्या कायद्याखालच्या अटका, वृत्तपत्रांवरची सेन्सॉरशिप, सक्तीची नसबंदी अशी यादी ऐकवायचो. समोरचा ऐकून घ्यायचा, मत मात्र तसूभरही हलायचं नाही. आणीबाणी लादणाऱ्या पंतप्रधान इंदिरा गांधींना हुकूमशहा म्हणावं का, यावर मतभेद राहतील; निवडणूक त्यांनीच घेतली आणि हरल्यावर त्या पायउतार झाल्या. पण २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७ या आणीबाणीच्या काळात सरकारी कॅमेऱ्याने काय टिपलं, हे फिल्म्स डिव्हिजनच्या रिळांत पाहता येतं. १९४८ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे वार्तापट चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी सक्तीने दाखवले जायचे. एस. सुखदेव यांच्यासारख्या कसलेल्या दिग्दर्शकाने १९७६मध्ये 'थंडर ऑफ फ्रीडम' हा आणीबाणीची बाजू घेणारा माहितीपट केला.

त्या वार्तापटांतला भारदस्त आवाज माझ्या पिढीच्या कानात अजून आहे. प्रत्येक दृश्याचा अर्थ तोच सांगायचा. म्हणजे निवेदक हे तर सत्तेचंच हत्यार होतं, आणि मी त्याला उत्तर म्हणून दुसरा निवेदक मागत होतो! त्यापेक्षा तो आवाज काढून टाकावा आणि समारंभाला आणून बसवलेल्या माणसांचे चेहरे प्रेक्षकाला निवांत पाहू द्यावेत.

उजिकांची दृश्यंही निर्लेप नाहीत. बरंच चित्रण मूक होतं, त्यात आवाज नंतर भरले आहेत. ते मला खटकत नाही. खटकतं ते हे, की आमच्यातल्या एका विशीतल्या मुलीला पर्वुलेस्कू कोण हे कळलंच नाही. तारीख, ठिकाण, माणसाचं नाव आणि कॅमेरा कुणाचा, एवढं पडद्याच्या कोपऱ्यात लिहायलाच हवं. हा आग्रह मी सोडलेला नाही.