यतिभंग

वृत्ते शिकवताना ‘यती’पाशी वर्ग हमखास अडखळतो. गण समजतात, लघु-गुरू मोजता येतात. परंतु ओळीत मध्येच एका ठरावीक जागी थांबायचे कशासाठी, हे विद्यार्थ्यांना पटत नाही. शार्दूलविक्रीडितात बाराव्या अक्षरानंतर थांबायचे, मंदाक्रांतेत चौथ्या आणि दहाव्या अक्षरानंतर. आणि त्या जागी एखादा शब्द मधोमध तुटला तर तो यतिभंगाचा दोष. ‘पण अर्थ तर कळतो ना?’ हा प्रश्न दरवर्षी येतो. अर्थ कळतोच. तरीही कानाला काहीतरी फाटल्यासारखे वाटते. हे फाटणे डोळ्यांनी पाहण्याचा योग मला यंदा आला, आणि तोही साहित्याशी वरकरणी काहीही संबंध नसलेल्या क्षेत्रात.

अभियांत्रिकीला असलेला माझा भाचा नाशकात आमच्याकडे राहतो. रात्री तो संगणकावर खेळतो आणि काही माणसे आपापल्या घरी बसून तो खेळ थेट पाहतात. या प्रक्षेपणासाठी त्याने दोन संगणक जोडले आहेत. एकावर खेळ चालतो. त्याचे चित्र तारेतून दुसऱ्यातल्या कॅप्चर कार्डाकडे जाते आणि तो दुसरा ते जगाला पाठवतो. एकाच यंत्रावर दोन्ही कामांचा भार पडू नये, हा त्यामागचा विचार. व्यवस्था चोख होती. चित्र मात्र बिघडलेले. खेळातल्या पात्राने झटकन मान वळवली की मागचा खांब आडवा कापल्यासारखा दिसे, वरचा अर्धा एकीकडे आणि खालचा दुसरीकडे. शिवाय मधूनमधून सारे दृश्य ठेचकाळत चाले. ‘मावशी, मला दिसतंय ते नीट आहे, लोकांना फाटलेलं दिसतंय,’ असे तो म्हणाला. मित्र महागडे नवे कार्ड घे म्हणत होते. वडील फोनवरून हा उद्योगच बंद कर म्हणत होते. त्याच्याजवळ ना कार्डाचे पैसे होते, ना वडिलांना द्यायला उत्तर.

मला त्या वाक्याने पकडले. लिहिणाऱ्याला नीट दिसते आणि वाचणाऱ्याला फाटलेले, हा अनुभव आपल्या क्षेत्रात काही अनोळखी नाही. म्हणून काही रात्री मी त्याच्या शेजारी बसले आणि त्याने मला जे समजावले, ते येथे मांडते.

संगणकाचा पडदा चित्र एकदम दाखवत नाही. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत ते लिहीत जातो. ६० हर्ट्झचा पडदा हे काम सेकंदाला ६० वेळा करतो, म्हणजे एका चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद. शेवटची ओळ लिहून झाली की पुन्हा वर जाण्याआधी एक छोटा विराम असतो. चित्र बदलायचे ते या विरामात. ग्राफिक्स कार्डाने विरामाची वाट न पाहता मध्येच नवे चित्र पुढे केले, तर पडद्याचा वरचा भाग जुन्या क्षणाचा आणि खालचा नव्या क्षणाचा असतो. हेच ते फाटणे. माझ्या पिढीने हा विराम डोळ्यांनी पाहिला आहे. लहानपणीच्या टीव्हीवर चित्र वर-खाली पळू लागे आणि कोणीतरी उठून मागचे ‘व्ही-होल्ड’चे बटण पिळी. त्या पळणाऱ्या चित्रांमधली काळी पट्टी म्हणजेच हा विराम. एरवी तो पडद्याआड असे; लय चुकली की समोर येई.

नाशिककरांना तर या विरामाचा इतिहास परका वाटू नये. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला आणि त्यानंतर आपले चित्रकार्य नाशकात हलवले. त्याआधी १९१२ मध्ये त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपत चित्रित केली होती. दोन चौकटींमधला काळ किती असावा, हे ठरवणे म्हणजेच चलच्चित्र, हे त्यांनी त्या रोपावर सिद्ध केले. कोऱ्या फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे काम घरातच, अंधारात चाले आणि सरस्वतीबाई ते करीत. ती भोके समान अंतरावर पडली तरच प्रत्येक चौकट आपल्या जागी येऊन थांबणार. प्रोजेक्टरमध्येही फिल्म अखंड सरकत नाही. थांबते, दिसते, मग झडप मिटते आणि त्या अंधारात पुढची चौकट येते. झडप वेळेवर मिटली नाही, तर सरकणारी फिल्म पडद्यावर दिसते आणि चित्राला प्रकाशाच्या रेघोट्या फुटतात. फिल्मच्या काळात चित्रपटगृहात आपण बराच वेळ काळोखाकडेच पाहत असू आणि आपल्याला ते कळत नसे.

मग उपाय सोपा वाटतो : चित्राने विरामापर्यंत थांबावे. ‘व्ही-सिंक’ म्हणजे हेच. परंतु त्यातून दुसरा दोष उपजतो. तयार व्हायला किंचित उशीर झालेल्या चित्राची पाळी हुकते, ते पुढच्या विरामाची वाट पाहते, आणि तोवर जुनेच चित्र पुन्हा दिसते. न थांबल्याने चित्र फाटते. थांबताना हिशेब चुकला तर ठेचकाळते.

भाच्याच्या खोलीत हिशेबच चुकलेला होता. त्याचा मॉनिटर १४४ हर्ट्झचा, कॅप्चर कार्ड ६० चे, आणि दोघांना एकाच चित्राची नक्कल दिलेली. कार्डाने ताल धरला तो मॉनिटरचा. दुसऱ्या बाजूचा विराम कुणाच्याच खिजगणतीत नव्हता. शिवाय १४४ ला ६० ने भागले की २.४ येतात. म्हणजे प्रेक्षकाला कधी दोन चित्रांतून एक, तर कधी तिनांतून एक मिळणार. चाल लंगडी पडणारच. त्यातच एक यंत्र ६० वर तर दुसरे ५९.९४ वर लावलेले निघाले. एवढ्याशा फरकाने सुमारे दर सतरा सेकंदांनी एक चित्र जास्त होते किंवा कमी पडते. चांद्र आणि सौर वर्षांचा मेळ घालायला आपण अधिक महिना धरतो, तसलाच हा प्रकार. फक्त येथे तो महिना डोळ्यांना खुपतो.

नवे कार्ड लागले नाही. नक्कल बंद करून कॅप्चर कार्ड हा स्वतंत्र पडदा मानला आणि ‘ओबीएस’ या आज्ञावलीकडून त्यावर चित्र पाठवले. दोन्ही संगणक नेमके ६० वर आणले, मॉनिटर १२० वर. आता प्रत्येक दुसरे चित्र प्रेक्षकाचे. खेळालाही १२० ची मर्यादा घातली. कारण ग्राफिक्स कार्डाची सारी ताकद खेळानेच खाल्ली, तर प्रक्षेपणाच्या चित्राला वेळेवर तयार व्हायला जागाच उरत नाही.

शेवटच्या दोन गोष्टींवर भाचा अडला. १४४ सोडायचे कशाला? फरक प्रत्येक चित्रामागे जेमतेम दीड मिलिसेकंदाचा. पण ‘माझ्या हाताला तो जाणवतो’ असे तो म्हणाला आणि ते खोटे मानायचे मला कारण दिसले नाही. खेळणाऱ्याला वेग हवा आणि पाहणाऱ्याला अखंडता, हा झगडा खरा आहे. मर्ढेकरांच्या दुर्बोधतेवर आपल्याकडे जो वाद झाला, त्याच्या मुळाशी यासारखाच प्रश्न होता : कवीने वाचकासाठी किती थांबावे? तेथे उत्तर आकड्यांत देता येत नाही. वाचक मागून येऊन कवीला गाठू शकतो, कधी पन्नास वर्षांनीही. थेट प्रक्षेपण पाहणाऱ्याला ती सवलत नाही. त्याला मिळते ते त्या क्षणीच. त्यामुळे कवीला जो हट्ट शोभतो, तो येथे शोभत नाही, असे मी त्याला सांगितले. त्याने दोन रात्री विचार केला आणि १२० वर राहिला.

त्याच्या प्रेक्षकांपैकी कोणीही चित्र सुधारल्याचे कळवले नाही. तो थोडा हिरमुसला. निर्दोष यतीला दाद मिळाल्याचे मीही कधी ऐकलेले नाही. वडिलांचे म्हणणे अजून बदललेले नाही; मात्र गेल्या रविवारी त्यांनी अर्धा तास तो खेळ पाहिला, आणि नंतर फोनवर चित्राबद्दल नव्हे, खेळाबद्दल विचारले.